समाहीजच्या ट्रेंचमधलं गाऱ्हाणं

आधीच कबूल करतो, या सदरातल्या हकिकती मी दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून वाचतो, आणि बहुतेक वेळा हसत वाचतो. कोणाला विहिरीवर बाई दिसते, कोणाच्या गाडीला कोणी हात करतं... मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. जमीन खणायची, लेव्हल बघायची, पाइप टाकायचा, माती ओढायची, यात माझं आयुष्य गेलं. जमिनीखाली माती, पाणी आणि खडक असतो, याशिवाय काही असतं असं मला कधी वाटलं नाही. आज सत्तावन्न वर्षांचा आहे. अजूनही "माझा विश्वास आहे" असं मला म्हणता येत नाही. पण जे ऐकलं ते ऐकलं. आणि त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट होतं, म्हणून हे लिहितो आहे.

निमित्त माझ्या मुलीचं. ती बहरीनमध्ये वाढली, ईसा टाउनच्या शाळेत शिकली, त्यामुळे तिथलं काही दिसलं की मला पाठवते. तिनं मोबाइलवर एक बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "बाबा, इजन्ट धिस युअर एरिया? सो कूल!" मुहर्रक बेटावर समाहीज नावाचं गाव आहे. तिथल्या कबरस्तानातल्या एका उंचवट्याखाली संशोधकांना जुन्या इमारतीच्या खोल्या सापडल्या होत्या. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, आणि चुन्याच्या गिलाव्यातले क्रूस. ग्रीक आणि रोमन लोक ज्या बेटाला टायलोस म्हणत, तेच हे बहरीन. इस्लाम येण्याआधी इथे ख्रिस्ती वस्ती होती, त्यांचा बिशप होता, आणि या बिशपांचे उल्लेख जुन्या चर्चच्या कागदपत्रांत आहेत. सापडलेलं घर कदाचित त्या बिशपचंच असावं, असं बातमीत होतं.

बातमीत एका क्रूसाचा फोटो होता. मी तो पाहिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. तसलाच एक तुकडा तीस वर्षांपूर्वी माझ्या हातात होता.

साल १९९३, ऑक्टोबर. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर होतो. गुदैबियात एका जुन्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहायचो. बायको आणि अकरा महिन्यांची मुलगी कणकवलीला. मुलगी झाली तेव्हा मी तिथे नव्हतो, पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाही नव्हतो. फॅमिली व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागायचं. मॅनेजर म्हणाला होता, "समाहीजची गल्ली महिनाअखेर पूर्ण करून दे, पत्रावर सही करतो." मला त्या महिन्यात दुसरं काही दिसत नव्हतं.

काम सांडपाण्याच्या लाइनचं. अरुंद गल्ली, एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला खजुराची बाग. ट्रेंच अडीच मीटर खोल. मुहर्रकला थोडं खणलं की पाणी लागतं, आणि माती म्हणजे ओली वाळूच. म्हणून ट्रेंचच्या दोन्ही अंगांना फळ्या लावायच्या, फळ्या सरकू नयेत म्हणून मध्ये आडवे टेकू ठोकायचे, आणि डिझेल पंप लावून पाणी उपसत राहायचं. फळ्यांचं काम वर्गीसकडे. हा कोट्टयमकडचा सुतार, देवभोळा आणि खादाड. गड्यांचे मुकादम दाजी घाडी.

दाजी आमच्याच तालुक्यातले. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला कायम टॉवेल. ते आणि त्यांचे तीन गडी मआमीरच्या बाजूला कॅम्पमध्ये राहायचे, पहाटे कंपनीच्या बसनं यायचे. गावाकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान दाजींच्या घराकडे होता. ज्यांना कोकणातली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवीन काही करायचं असलं, घर बांधायचं, विहीर खणायची, तर आमच्याकडे त्या जागेच्या राखणदाराला आधी सांगतात. एक माणूस उभा राहून मोठ्यानं बोलतो, मागतो, कबूल करतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे गाऱ्हाणं. ज्यानं "व्हय" म्हटलं तो त्या शब्दात बांधला गेला, असं मानतात.

दाजी बहरीनमध्येही प्रत्येक नव्या ट्रेंचला हे करायचे. गाव दुसऱ्या धर्माच्या लोकांचं, उगीच कोणाला खटकायला नको, म्हणून पिकअपच्या आडोशाला, हळू आवाजात. नारळ गुदैबियातून मी आणून द्यायचो. तो बादलीत फोडायचे आणि नंतर सगळे मिळून खायचे. अडचण एकच होती. परक्या मुलखात राखणदार कोण, हे दाजींना माहीत नसायचं.

समाहीजला ते मी सांगितलं. गंमत म्हणून.

गल्लीतल्या पहिल्या घराचे मालक अबू जाफर. म्हातारे, सकाळी आम्हाला थर्मासमधून चहा द्यायचे, तोडकंमोडकं हिंदी बोलायचे. शेजारच्या गावाचं नाव दैर. मी सहज अर्थ विचारला. ते म्हणाले, "दैर... पादरी का घर. पहले जमाना, बहोत पहले, इधर सब नसारा." नसारा म्हणजे ख्रिस्ती, आणि दैर म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ.

मी पिकअपकडे आलो आणि म्हणालो, "दाजी, तुमचो राखणदार गावलो. हयसर पाद्री रवत होते. तेका नारळ चलाचो नाय, मेणबत्ती लावा."

दाजी हसले नाहीत. "खरा सांगतास सायबानू?"

"अबू जाफरान सांगल्यान."

त्यांनी एका गड्याला मेणबत्ती आणायला पाठवलं. वर्गीस फळी रंधत होता, तो म्हणाला, "एक नहीं साब, दो लगाता है. एक में फादर गुस्सा होएगा." सगळे हसले. दाजींनी दोन आणवल्या. सिमेंटच्या गोणीच्या आडोशाला लावल्या, नारळही फोडला, आणि टॉवेल खांद्यावर घेऊन उभे राहिले.

"बा म्हाराजा, ह्या जाग्यार जो कोण तू राखणदार आसशील, पाद्री आसशील, साधू आसशील, आमी तुका वळखनव नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ही लेकरां पोटासाठी दर्यापलीकडे इलीहत. तेंच्या वाटेत काय आडवा इला तर ता बाजूक सार..."

"व्हय म्हाराजा!"

"तुजा जा काय ह्या मातयेत आसात, तेका आमी धक्को लावचंव नाय. चुकान हात लागलो, तर जाग्याचा जाग्यार ठेवतलंव..."

"व्हय म्हाराजा!"

तिन्ही वेळा मीही म्हणालो. हसत म्हणालो, पण म्हणालो.

आठवडाभर काम झकास चाललं. नवव्या दिवशी दुपारी चारला गड्यांची बस गेली. मी एकटा लेव्हल तपासायला ट्रेंचमध्ये उतरलो. दोन फळ्यांच्या फटीतून माती थोडी ढासळली होती आणि आत काहीतरी पांढरं दिसत होतं. बोटानं उकरलं. चुन्याच्या गिलाव्याचा तुकडा, तळहाताहून थोडा मोठा. त्यावर कोरलेला क्रूस, बाहू टोकाला रुंद होत गेलेले. तुकड्यामागे हात घातला तर दगड लागला. एकावर एक रचलेला. भिंत.

नियम मला ठाऊक होता. जुनं काही सापडलं की काम थांबवायचं आणि म्युझियमला कळवायचं. ते येतात, दोरी लावतात, महिने जातात. मी तिथे उकिडवा बसून राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत नव्हती, मॅनेजरची सही होती. मी तुकडा टॉवेलात गुंडाळला, पिकअपच्या सीटखाली सारला आणि फट मातीनं लिंपून टाकली. हे मी कोणाला सांगितलं नाही. फ्लॅटमध्येही नाही. तुकडा रात्रभर गाडीतच होता.

दुसऱ्या दिवशी खणत खणत गडी भिंतीपाशी पोचलेच. ती ट्रेंचमध्ये तिरकी आडवी आली होती, पाइप जायला वाट नव्हती. दाजींनी फावडं टेकवलं.

"सायबानू, ह्या घर आसा कोणाचा तरी."

"असेल. फोडा."

"फोडूचा नाय. आमी सबद दिलोहा."

"दाजी, तुम्ही दिला शब्द. मी नाही."

"तुमी पण व्हय म्हटलात." ते शांतपणे म्हणाले. "मी आयकलंय. तुमचो आवाज सगळ्यात मोठो होतो."

गडी माझ्याकडे बघत होते. मला राग आला, कारण खरं होतं ते. मी म्हणालो, "गावची नाटकं गावात. इथे काम करायचं नसेल तर कॅम्पवर जा. दुसरा मुकादम आणतो."

दाजींनी फावडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "फोडूचीच आसात तर आदी माका उतरांदे. आत कोणाची हाडां आसली तर ती तरी काढून बाजूक ठेवतंय."

"ठीक आहे. पण ब्रेकर लावायला जागा पाहिजे. ते मधले दोन टेकू काढून टाका."

"टेकू काढू? माती कशी ओली आसा, बघतास मां?"

वर्गीसही म्हणाला, "साब, टेकू मत निकालो. पहले मैं दूसरा लगाता, आधा घंटा बस."

मी घड्याळ बघितलं. साडेदहा. "दहा मिनिटांचं काम आहे. काढा. यल्ला, चला."

दाजी उतरले. हातोडीनं एक टेकू सैल केला. दुसरा केला. मी वर काठावर उभा होतो, माझ्या बुटांखालून कंप गेला, आणि डाव्या अंगाच्या फळ्या पत्त्यांसारख्या आत झुकल्या. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टाकावं तसा झाला. ट्रेंच होता तिथे ओली वाळू होती.

मी किंचाळलो. सगळे हातांनी, घमेल्यांनी उपसायला लागलो. मशीन लावलं तर दाजींनाच लागेल, म्हणून लावता येईना. अबू जाफर फोन करायला घरात धावले. कोणीतरी, बहुतेक वर्गीसनं, पंप बंद केला. खालून हाक आली तर ऐकू यावी म्हणून.

आणि हाक आली.

हाकही म्हणता येणार नाही. दाजींचा आवाज. धडधडीत, स्वच्छ, न घाबरलेला. बाजूच्या खोलीत माणूस बोलतो आहे आणि मध्ये दार लोटलेलं आहे, एवढ्या अंतरावरून. आम्ही पाचही जण थबकलो.

"बा म्हाराजा... ह्या पोराची चूक झाली..."

वरच्या कोणी तोंड उघडलं नाही. आणि खालूनच उत्तर आलं. पुष्कळ पुरुषांचा आवाज, एका सुरात, शेवटचा स्वर लांबवलेला. शब्द आमचे नव्हते. अरबीही नव्हते. अरबी मला कळायची नाही, पण कानाला ओळखीची होती.

माझ्या शेजारचा गडी म्हणाला, "दाजी जिते आसत! खणा रे, खणा!" आम्ही पुन्हा तुटून पडलो. खणता खणता ऐकत होतो.

"घरात तेची बायको आसा... तान्या पोर आसा... तेका पदरात घे..."

पुन्हा तो एकसुरी प्रतिसाद.

वर्गीसच्या हातातलं घमेलं गळून पडलं. त्यानं छातीवर क्रूस केला. तोंड पांढरंफटक. "साब, ये सुरियानी है, चर्च का पुराना भाषा. हमारा चर्च में बचपन में बूढा अच्चन, पादरी, ऐसा बोलता था. अभी सब मलयालम में है... ये पुराना कुर्बाना है, साब, चर्च का प्रार्थना." आणि तो वाळूत गुडघे टेकून खालच्या आवाजांबरोबर तेच म्हणू लागला. रडत रडत, चुकत माकत, लहानपणी पाठ केलेलं आठवावं तसं. त्याचा सूर आणि खालचा सूर जुळत होता. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मग दाजी जे म्हणाले, ते मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"गाडयेत सीटीखाली दडवून ठेवल्यान हा... ता तो आत्ता परत देतलो... तेका सोड म्हाराजा... तेच्या जाग्यार मी आसंय..."

त्या तुकड्याबद्दल जगात कोणालाही माहीत नव्हतं. बस गेल्यावर मी तो काढला होता. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. दाजी त्या गाडीत बसले नव्हते.

मी उठलो आणि पिकअपकडे धावलो. सीटखाली हात घातला, टॉवेल ओढून काढला, परत आलो. गडी माझ्याकडे बघत होते, पण काय चाललंय ते त्यांना कळलं नसावं. मी तो तुकडा भिंतीच्या बाजूला, आम्ही उकरलेल्या खड्ड्यात ठेवला आणि वर वाळू लोटली.

आवाज थांबला. दाजींचाही आणि बाकीच्यांचाही. मी "दाजी! दाजी!" अशा किती हाका मारल्या असतील... गल्लीच्या टोकाला आगीच्या बंबाचा भोंगा ऐकू येईपर्यंत मारत होतो.

सिव्हिल डिफेन्सच्या लोकांनी त्यांना काढलं तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. भिंतीला टेकून बसल्यासारखे सापडले. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की छाती दबली होती आणि घशात वाळू गच्च भरली होती. पडल्यापडल्या गेले असतील, फार तर दोन-तीन मिनिटं.

मी म्हणालो, "ते बोलत होते. पंधरा मिनिटं बोलत होते."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या घशातून आवाज निघणं शक्य नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल." मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर.

इथवरची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल की शॉक बसला, आभास झाला. मीही पुष्कळ तपासून पाहिलंय. मशिदीचा लाउडस्पीकर म्हणावा, तर ती नमाजाची वेळ नव्हती, आणि वर्गीसला नमाज आणि कुर्बाना यातला फरक कळतो. पाइपांतून घुमलेला आवाज म्हणावा, तर पाइप अजून टाकलाच नव्हता. पाच जणांना एकच आभास झाला म्हणावं, तर सीटखालच्या तुकड्याचं काय?

पण मला जे टोचतं ते हे नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. पोलिसांचा माणूस होता. विचारलं, "टेकू कोणी काढले?" मी म्हणालो, "दाजींनी. मी नको म्हटलं होतं." टेकूवर हातोडी त्यांनीच मारली होती, त्यामुळे वाक्य अर्धं खरं होतं. त्या अर्ध्या खऱ्यावर मी सही केली. तिन्ही गड्यांनीही केली, मी डोळ्यांनी सांगितलं म्हणून. वर्गीसनं केली नाही. त्याला हिंदी-इंग्रजी नीट येत नाही, असं लिहून त्याला वगळलं. परत येताना पिकअपमध्ये तो एवढंच म्हणाला, "साब, मैं ऊपर का भी सुना, नीचे का भी सुना." पुढच्या महिन्यात तो काम सोडून गावी गेला.

भिंतीचं कोणी काही बोललं नाही. वरचे चार थर फोडून, पाइप टाकून, काँक्रीट ओतून ट्रेंच बुजवला. तुकडा तिथेच आहे. गल्ली महिनाअखेर पूर्ण झाली. मॅनेजरनं पत्रावर सही केली. जानेवारीत बायको-मुलगी आल्या. एअरपोर्टवर मुलगी मला बघून रडायला लागली, ओळखत नव्हती. पुढे अकरा वर्षं आम्ही तिथे राहिलो. चांगली गेली वर्षं, असं सगळे म्हणतात.

दाजींच्या घरी पत्र लिहायचं काम मॅनेजरनं मलाच दिलं, त्यांची भाषा येणारा मी म्हणून. त्यात मी लिहिलं, की सापडलेल्या जुन्या जागेत दाजींनी, नको सांगितलेलं असताना, हात घातला आणि टेकू स्वतःच्या हातानं काढला. खोटं पक्कं व्हावं म्हणून जास्तीचं लिहिलं. हे पत्र गावात वाचून दाखवलं जाईल, आणि गाव त्याचा काय अर्थ लावील, हे कोकणातल्या माणसाला कळायला हवं होतं. मला कळत होतं की नव्हतं? तीस वर्षं मी स्वतःला हे विचारतोय. कळत होतं, असंच उत्तर येतं.

मुलीनं बातमी पाठवल्यावर आधी बायकोला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी अजिबात बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन या."

गेल्या डिसेंबरात गेलो. दाजींचा मुलगा वासुदेव आता पंचेचाळीसचा आहे, सहा आसनी रिक्षा चालवतो. नाव सांगितल्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्याच्या आईची चौकशी केली.

"आई दोन वर्सां झाली जाऊन."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मग मी सगळं सांगितलं. टेकू, शब्द, तुकडा, आवाज, पत्र. तो रिक्षाची किल्ली बोटात फिरवत ऐकत होता. मध्येच किल्ली फिरायची थांबली.

"तीस वर्सां खंय होतात?" त्यानं विचारलं.

मी तांब्या खाली ठेवला.

"तुमचा पत्र इला," तो म्हणाला, "तेच्या म्होरल्या जत्रेक गावान आमचो मान काढून घेतल्यान. गाऱ्हाणा घालणाऱ्यान राखणदाराक दिलेलो सबद मोडलो, म्हणान राखणदारान तेका घेतलो, असा ठरला. आवस देवळात उभी ऱ्हवान सगळ्यांका सांगत होती, माझो घोव सबद मोडणारो नाय, पत्र खोटा आसा. लोक हसत." तो थांबला. "मी पण तिका गप कर म्हणी. दरवर्सां. माका लाज वाटा. तुमच्या पत्राक मी खरा मानलंय, आणि आवशीक खोटी. ती तशीच गेली."

मी हात जोडले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "हात माका कित्याक जोडतास? गावाक सांगा."

सोमवारी सकाळी देवळासमोर गावकरी जमले. तीस-चाळीस माणसं. मी उभं राहून जसं इथे लिहिलं तसं सांगितलं. मध्ये एकदा बसावं लागलं. कोणी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. एक म्हातारा एवढंच बोलला, "तुमी उशीर केलास." मग मानकऱ्यांनी बाजूला जाऊन आपसात काही बोलणं केलं, आणि वासुदेवला पुढे बोलावलं. घाड्यांचा मान घाड्यांना.

तो पहिल्यांदाच उभा राहत होता. टॉवेल खांद्यावर घेतला. वडिलांसारखाच आवाज आहे. त्यानं गावच्या देवांची नावं घेतली, सीमेवरच्यांची घेतली, वडिलांचं घेतलं, आईचं घेतलं. गावानं प्रत्येकाला होकार दिला. मग तो अडकला. वळून मला म्हणाला, "सायब, बाबांच्या सांगाती ते जे होते... बाबा बोलले तेवा तेंनी साथ दिल्यानी ते. तेंका मी काय म्हणान हाक मारू?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी बातमी वाचली आहे. बिशप, मठ, शतक, सगळं मला आता माहीत आहे. पण त्या दिवशी वाळूखाली कोण होतं, दाजी गेल्यानंतर दाजींच्या आवाजात कोण बोललं, आणि त्यांनी दाजींना का घेतलं आणि मला का सोडलं, यातलं मला काही माहीत नाही.

"नाव ठाऊक नाय," मी म्हणालो.

वासुदेवनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग पुन्हा देवळाकडे वळला, आणि नावावाचूनच पुढे बोलू लागला.